ध्वनीचा काटा : घरासाठी डॅक निवडताना

गेल्या पंधरा-वीस वर्षांत घरातील संगीताने आपले बिऱ्हाड बदलले. तबकड्या आणि ध्वनिफिती कपाटात गेल्या. स्तवने, भावगीते, शास्त्रीय गायन हे सारे फोन, संगणक आणि टीव्हीमध्ये येऊन राहिले. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र पुष्कळ घरांत जुनेच आहेत, आणि उत्तम स्थितीत आहेत. हा नवा साठा त्या जुन्या यंत्रांना जोडणारी तळहाताएवढी पेटी म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, अर्थात डॅक. बाजारात ती एक-दोन हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत मिळते. एवढे अंतर पाहून कोणताही व्यापारी थबकेल आणि विचारील : यात माल किती आणि वेष्टण किती?

उत्तरासाठी आधी या पेटीचे काम समजून घेऊ. पोत्यातून नमुना काढून आपण धान्याची पारख करतो. ध्वनीच्या लहरीचेही असेच नमुने घेतले जातात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांच्या मापावर तोलून अंकात लिहिलेला असतो. डॅक हे अंक वाचून पुन्हा लहर उभी करतो. धान्याच्या नमुन्यावरून पोत्याचा केवळ अंदाज येतो. ध्वनीचे तसे नाही. दर सेकंदाला जितके नमुने घेतले, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येच्या आतील ध्वनी या अंकांतून परत मिळवता येतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. ४४,१०० ची निमपट २२,०५० होते. निरोगी तरुण कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. साठीनंतर ही मर्यादा बरीच खाली येते.

मग बाजारात १,९२,००० आणि त्याहून मोठे आकडे कशासाठी? ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना ते उपयोगी पडतात. ऐकणाऱ्याच्या बाबतीत २००७ साली अमेरिकेतील मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. उच्च प्रतीच्या तबकड्यांचा ध्वनी एकदा थेट, आणि एकदा सीडीच्या मापात उतरवून श्रोत्यांना ऐकवला. कोणता कोणता हे ५५४ वेळा विचारले, तेव्हा २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही इतकीच आली असती. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : त्या तबकड्या ऐकायला खरोखर सुरेख होत्या, कारण त्यांचे मूळ ध्वनिमुद्रण अधिक काळजीने सिद्ध केलेले होते. गोडी मालात होती, मापात नव्हती.

म्हणून पहिला प्रश्न असा : आपल्याला स्वतंत्र डॅक हवा आहे का? फोन, टीव्ही, संगणक, ब्लूटूथ स्पीकर या प्रत्येकात एक डॅक आधीच असतो. ध्वनी स्वच्छ येत असेल, तर काही घेऊ नये. संगणकाच्या ध्वनीत सतत खरखर असेल, फोनला हेडफोनचे छिद्रच नसेल, टीव्हीला केवळ ऑप्टिकल निर्गम असेल, किंवा जुन्या सीडी प्लेयरचा ध्वनिनिर्गम बिघडून डिजिटल निर्गम तेवढा शाबूत असेल, तर ही पेटी खरी गरज भागवते.

गरज ठरली की जोडणी पाहावी. संगणक आणि फोनसाठी यूएसबी, टीव्हीसाठी ऑप्टिकल, सीडी प्लेयरसाठी ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल. घरात जी साधने आहेत, तेवढेच मार्ग पेटीला असले तरी पुरे. ॲम्प्लिफायरमधून विजेची घुं-घुं येत असेल आणि ती संगणकाच्या जोडणीतून येते असे दिसले, तर ऑप्टिकल मार्ग घ्यावा. त्या तारेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. टीव्हीला डॅक जोडल्यावर आवाजच आला नाही, तर पेटी परत करण्याआधी टीव्हीच्या ध्वनिविभागात ‘पीसीएम’ हा पर्याय निवडून पाहावा. पुष्कळ टीव्ही डॉल्बीचा संकेत पाठवतात आणि साध्या डॅकला तो उलगडत नाही.

दुसरी तपासणी निर्गमाची. घरगुती सीडी प्लेयरचा निर्गम साधारण २ व्होल्ट असतो. डॅकचाही तितका असल्यास जुन्या ॲम्प्लिफायरशी जुळणी सहज होते. फोनला लावायच्या छोट्या वायरवजा डॅकचा निर्गम पुष्कळदा १ व्होल्ट किंवा त्याहून कमी असतो. त्यात दोष नाही; आवाजाची कळ थोडी अधिक फिरवावी लागते, इतकेच. ॲपलची अशी छोटी जोडवायर स्वस्त असूनही मापनात अत्यंत स्वच्छ ठरलेली आहे. हेडफोन वापरायचा नसेल, तर हेडफोनच्या ताकदीसाठी वेगळे पैसे देण्याचे कारण नाही.

चिपच्या नावावर मात्र फार भाळू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे असाही कासेई समूहाच्या कारखान्याला आग लागली आणि जगभर नावाजलेल्या एकेएम चिपांचा पुरवठा आटला. अनेक उत्पादकांनी दुसऱ्या कंपनीच्या चिप घेऊन आपली यंत्रे नव्याने मांडली. चिपभोवतीची मांडणी नीट असेल, तर दोन्ही प्रकारची यंत्रे कानाला पुरेशी निर्दोष असतात. त्यापेक्षा हमीची मुदत, दुरुस्तीची सोय आणि परत घेण्याची अट विचारावी. घरातील वडीलधाऱ्यांसाठी यंत्र घेत असू, तर कळा किती आणि अक्षरे केवढी हेही पाहावे. ज्यांच्या सामायिकापूर्वीच्या स्तवनासाठी आपण खर्च करतो, त्यांनाच प्रत्येक वेळी नातवाला हाक मारावी लागली, तर ती खरेदी फसली.

दोन यंत्रांत निवड करायची असेल, तर घरीच तुलना करावी. दोन्हींचा आवाज आधी अगदी समान करावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. दुकानातील पुष्कळ जादू एवढ्यावरच चालते. मग कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने दहा-पंधरा वेळा अदलाबदल करावी आणि उत्तरे वहीत लिहावीत. फरक ओळखता आला नाही, तर स्वस्त यंत्र घ्यावे. वाचलेला पैसा स्पीकरवर खर्च केला, तर फरक खात्रीने ऐकू येतो. त्याहून कमी खर्चाचा उपाय म्हणजे स्पीकर कोपऱ्यातून थोडे पुढे घेणे, उघड्या फरशीवर सतरंजी आणि मोकळ्या भिंतीवर जाड पडदा घालणे.

आपल्या परंपरेत श्रावकासाठी भोगोपभोग-परिमाण व्रत सांगितले आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, पुनःपुन्हा वापरला जातो तो उपभोग. संगीताचे यंत्र हा उपभोग आहे. व्रत त्याचा निषेध करीत नाही. त्याची मर्यादा आधी ठरवावी, एवढेच ते सांगते. या ‘आधी’ शब्दातच व्यवहाराचे शहाणपण आहे. दुकानात शिरल्यावर ठरवलेली मर्यादा दुकानदाराची असते. घरातून ठरवून नेलेली आपली. किती रुपये, किती जोडण्या, कोणासाठी, हे एका कागदावर लिहूनच बाहेर पडावे.

आपल्यापैकी काही कुटुंबांची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने आहेत. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरणे हा एक अतिचार आहे. ऐकू न येणारा आकडा ऐकू येतो असे भासवून विकणे त्या अतिचाराच्या किती जवळ जाते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या गल्ल्यावर बसून करावा. ग्राहकाला ‘तुमच्या टीव्हीत डॅक आहेच, आधी तो ऐकून पाहा’ असे सांगणाऱ्या दुकानदाराची त्या दिवशीची विक्री बुडेल, पण त्या घरची पुढची खरेदी त्याच्याकडेच होईल.

नवी पेटी घरात आली की जुने, चालू स्थितीतील यंत्र माळ्यावर टाकू नये. गावातील पाठशाळेला किंवा स्वाध्याय मंडळाला विचारावे. तेथे लहानशा ॲम्प्लिफायरचाही उपयोग होतो. पूर्ण बिघडलेले यंत्र भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावे, कारण त्यातील शिसे मातीत आणि पाण्यात मिसळले, तर तेथील जीवांना त्याची बाधा होते.