फी माफ झाली, महिना कसा काढायचा?

सरकार कॉलेजच्या पोरांना फुकट शिकवते आणि पोरे पास दाखवून गावोगाव हिंडतात, हा आक्षेप आता शहरातल्या दिवाणखान्यांपुरता राहिलेला नाही. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकून नोकरीला लागलेली माणसेही तो बोलून दाखवतात. करदात्यांचा पैसा, खिरापत, मतांचे राजकारण हे त्यांचे ठरलेले शब्द. या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण त्याच्या गलबल्यात खरा प्रश्न झाकला जातो. महाराष्ट्रातली शिष्यवृत्ती फीच्या भोवती बांधलेली आहे. कॉलेजला काय द्यायचे याचा हिशेब ती बारकाईने करते. विद्यार्थी वर्षभर काय खाणार, कुठे राहणार, कॉलेजात कसा पोचणार याकडे मात्र तिचे जवळजवळ लक्षच नाही. तिच्यावर उधळपट्टीचा आरोप करणाऱ्यांनी एकदा आकडे हातात घ्यावेत.

नंदुरबार-दोंडाईचा रस्त्यावरचे रनाळे घ्या. मोठे गाव, पण तालुक्याच्या या पूर्व पट्ट्यात पावसाची कायम ओढ, शेती बरीचशी कोरडवाहू. बारावीनंतर बी.ए., बी.कॉम. करायचे तर बहुतेकांना नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठावे लागते. अभियांत्रिकी किंवा फार्मसीसाठी धुळे, जळगाव, नाशिक. अनुसूचित जमातींसाठीच्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत 2010 साली निर्वाह भत्त्याचे दर ठरले. घरून ये-जा करून साधी पदवी घेणाऱ्याला महिन्याला 300 रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला 570. अनुसूचित जातींसाठीची योजना 2021 मध्ये नव्याने मांडली गेली, तेव्हा याच गटाला वर्षाचे 3,000 आणि 6,000 रुपये ठरले. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले तर 300 चे 3,000च होतात! दहा वर्षांत तेल, डाळ, खोलीचे भाडे, एसटीचे तिकीट कुठल्या कुठे गेले; ये-जा करणाऱ्याचा भत्ता जागचा हलला नाही. दिवसाला दहा रुपये, म्हणजे स्टँडवरचा एक चहा. याला खिरापत म्हणायचे असेल तर शब्दांना काही अर्थच उरत नाही. मुलींचे आणखी वेगळे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. एफवायला प्रवेश घेतला की तीच मुलगी त्याच गाडीने त्याच गावाला जाताना पैसे मोजू लागते. सवलत दोन तृतीयांश आहे हे खरे, पण उरलेला तिसरा हिस्सा दर महिन्याला रोख काढावा लागतो, आणि ज्या घरात रोख पैसा फक्त कापूस विकल्यावर दिसतो तिथे तो कुणासाठी काढायचा हे भाऊ की बहीण यावर ठरते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच आहे. पण बी.ए.ला जाणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग नाही, आणि तिची अडचण फीपेक्षा पासाची आहे.

करदात्यांच्या पैशाचा मुद्दा इतिहासाच्या उजेडात तपासावा. विद्येसाठी सरकारी तिजोरीतून पैसा देणे ही कल्याणकारी राज्याने काढलेली नवी टूम नाही. पेशवाईत श्रावणात पुण्याच्या रमण्यावर दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी राज्यात त्याच निधीतून 1821 ची पुण्याची संस्कृत पाठशाळा चालली आणि पुढे ग्रंथांना बक्षिसेही दिली गेली.  जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्याचा गाभाच हा होता की सरकारचा महसूल कुणब्याच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो. आजही साबण, डिझेल विकत घेणारा प्रत्येक जण कर भरतो. रनाळ्यातला शेतमजूर आयकर भरत नसेल, पण करदाता तोही आहे, आणि त्याच्या मुलाला मिळते ती त्याच्याच पैशाची अंशतः परतफेड.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी शिष्यवृत्ती मनापासून दिली त्यांनी ती कशासाठी दिली ते पाहावे. सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा 25 रुपये दिले आणि 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवताना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड. रक्कम महिन्याची होती, कारण माणूस महिन्याच्या हिशेबाने जगतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून एकामागून एक बोर्डिंगे उभी केली. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सुरू केले तेही वसतिगृहच. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण मुख्यतः राहण्या-जेवण्यावर अडते, हे या तिघांनाही नेमके ठाऊक होते. ती जाण आजच्या धोरणातून बहुतांशी हरवली आहे.

आता घोटाळ्यांचा आक्षेप. तो खोटा नाही. शिष्यवृत्तीच्या गैरव्यवहारांची चौकशी करायला राज्य सरकारला पोलीस अधिकारी डॉ. के. वेंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमावे लागले. पण पैसा कुणी खाल्ला? फीच्या नावाने मोठी रक्कम थेट संस्थेकडे जात होती, म्हणून कागदावर विद्यार्थी उभे करणे संस्थाचालकांना परवडत होते. महिन्याच्या 300 रुपयांसाठी कुणी कॉलेज काढत नाही. खोट्या उत्पन्नाच्या दाखल्यावर लाभ घेणारी सधन घरेही आहेत, त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. मात्र गैरव्यवहार झाला संस्थांच्या पातळीवर आणि त्याची शिक्षा भोगतो विद्यार्थी. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायचा तर जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, गुणपत्रिका, बोनाफाईड, रेशनकार्ड, गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र, आधारशी जोडलेले बँक खाते. मग अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांच्या, तिथून जिल्ह्याच्या किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या. कुठेतरी एक स्कॅन पुसट निघाला की अर्ज ‘सेंड बॅक’. मोबाईलवर आलेला तो निरोप वेळेत पाहिला नाही तर वर्ष गेले. ‘स्कॉलरशिप पडली का?’ हा कॉलेजच्या कट्ट्यावरचा प्रश्न परीक्षा संपल्यावरही विचारला जातो, आणि तोवर कॉलेजने फीसाठी तगादा लावलेला असतो. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्येच बजावले आहे. तरीही दाखला मिळणार नाही ही भीती गरीब मुलाच्या मनातून जात नाही.

इतक्या जणांना महिन्याला पैसे पोचवणे प्रशासनाला झेपणार नाही, असे एक शहाणपणाचे उत्तर मिळते. ते आता टिकत नाही. 2024 पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यात महिन्याच्या हिशेबाने 1,500 रुपये जमा झाले. आईला देता येतात तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला का देता येऊ नयेत? वर्षानुवर्षे तिथे इच्छा झाली नाही, एवढेच त्याचे कारण.

राहिला शैक्षणिक कर्जाचा पर्याय. नोकरीची खात्री असलेल्या अभ्यासक्रमाला कर्ज ठीक आहे. पण बी.ए., बी.एस्सी. करू पाहणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलाला कर्ज काढायला सांगणे म्हणजे त्याला नको शिकू म्हणणेच. आधीच सोसायटीच्या कर्जात असलेला बाप दुसऱ्या कागदावर सही करायला धजणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पदव्या घेऊन पोरे बेकारच राहतात, मग शिकवता कशाला, असेही विचारले जाते. बेकारी खरी आहे. पण तिचा न्याय सर्वांना सारखा लावा. श्रीमंताच्या मुलाला कुणी बेकारीच्या भीतीने कॉलेज सोडायला सांगत नाही. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचे पटनोंदणीचे प्रमाण 28.4 टक्के आणि अनुसूचित जमातींचे 21.2 टक्के आहे. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग अनुसूचित जमातींचा आणि साक्षरता 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. इथे उच्च शिक्षण जास्त झाले म्हणणे धाडसाचे आहे.

मार्ग सरकारनेच दाखवला आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना या 2016-17 च्या सुमारास आल्या. त्यांत जेवण, निवास आणि निर्वाहासाठी मोठ्या शहरात वर्षाला 60,000 आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये धरले गेले. महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जाणारी ही रक्कम माणसाच्या जगण्याचा विचार करून ठरवलेली आहे. हाच हिशेब रोज एसटीने येणाऱ्या मुलालाही प्रमाणात लागू करावा, मग तो कोणत्याही जातीच्या गरीब घरातला असो. 2010 चे दर महागाईला बांधावेत. पहिला हप्ता प्रवेशानंतर महिन्याभरात द्यावा आणि कागदपत्रांची छाननी त्यानंतर करावी. मुलींचा मोफत पास पदवीपर्यंत न्यावा. आणि रनाळ्यासारख्या गावांनी येत्या ग्रामसभेत एक साधा ठराव घ्यावा: गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या किती मुलामुलींची गेल्या वर्षाची शिष्यवृत्ती अजून थकली आहे, याची यादी करून ती जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. ती यादी करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.