विश्लेषण : सफारीत फोन बंद, मग छोटा मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

मेळघाटच्या गाभा क्षेत्रात सफारीला गेल्यावर आता खिशातला फोन काढता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेट प्रकरणात दिलेल्या निकालात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरास मनाई केली. पीठाचे नेतृत्व करणारे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई मूळचे अमरावतीचे. निर्णय देशातील सगळ्या व्याघ्र प्रकल्पांना लागू आहे, त्यामुळे सेमाडोह-कोलकासला जाणारा अमरावतीकर आणि अकोटमार्गे शहानूरला पोहोचणारा अकोलेकर दोघेही एकाच प्रश्नापाशी येतात. फोन नाही, तर फोटो कशाने काढायचा? उत्तर म्हणून हल्ली नाव निघते ते नवशिक्यांसाठीच्या छोट्या मिररलेस कॅमेऱ्याचे.

मनाई फोनला, कॅमेऱ्याला का नाही?

मूळ आक्षेप फोटो काढण्यावर नाही. वाघ दिसला की त्याची जागा फोनवरून क्षणात इतर गाड्यांपर्यंत पोहोचते आणि पाहता पाहता जिप्सींची रांग लागते. ताडोबात याच कारणाने १ डिसेंबर २०१८ पासून सफारीत मोबाइल बंद आहेत. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. कॅमेऱ्याने कुणाला बोलावता येत नाही आणि लांब लेन्स असेल तर जवळ जाण्याची गरजही कमी होते. हे झाले तत्त्व. प्रत्यक्षात ‘गाडी अजून थोडी पुढे घ्या ना भाऊ’ असे चालकाच्या मागे लागणाऱ्यांत गळ्यात कॅमेरा अडकवलेलेही कमी नसतात.

मिररलेस म्हणजे नेमके काय?

जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असे. बटण दाबले की तो वर उचलला जाई आणि ‘खटाक्’ आवाज होई. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. सेन्सरवर पडणारे दृश्य थेट पडद्यावर दिसते. २००८ मध्ये पॅनासॉनिकने ‘ल्युमिक्स जी १’ आणून सुरुवात केली. आता कॅनन, निकॉन, सोनी सगळ्यांचा भर याच प्रकारावर आहे. आरसा गेल्याने आकार घटला. कॅननचा ‘आर ५०’ बॅटरी आणि कार्डसह जेमतेम ३७५ ग्रॅमचा आहे. शटरचा आवाज पूर्ण बंद करता येतो, हा जंगलातला खरा फायदा.

फोनपेक्षा चित्र सरस येते ते सेन्सरच्या आकारामुळे. या कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे चांगल्या फोनमधील मुख्य सेन्सरच्या पाच ते सात पट क्षेत्रफळाचा. मेगापिक्सेलचा आकडा इथे फसवा ठरतो. निकॉनचा ‘झेड ३०’ फक्त २०.९ मेगापिक्सेलचा आहे, पण अंधुक उजेडात तो बहुतेक फोनना मागे टाकतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्यात राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावड-पालख्या डोळ्यांसमोर आणा. दिव्यांचा अपुरा प्रकाश, सतत हलणारी माणसे. फोन तिथे चेहरे पुसट करतो.

मग वाघाचा फोटो येईल का?

बहुधा नाही. दुकानात कॅमेऱ्यासोबत मिळते ती १८-४५ किंवा १६-५० मिलिमीटरची लेन्स. घरातला वाढदिवस, चिखलदऱ्याचा देखावा यांना ती पुरते. साठ-सत्तर मीटरवरचा गवा तिच्यात मुंगीएवढा दिसतो. किमान कॅननची ५५-२१० किंवा निकॉनची ५०-२५० लेन्स लागते. सेन्सर लहान असल्याने त्या फुलफ्रेमच्या हिशेबाने अनुक्रमे सुमारे ३३५ आणि ३७५ मिलिमीटरइतकी पोहोच देतात. पण पूर्ण ताणल्यावर कॅननच्या या लेन्सचे छिद्र एफ ७.१ वर येते, म्हणजे प्रकाश कमी आत जातो. सफारी असते पहाटे आणि संध्याकाळी, नेमका उजेड कमी असताना. आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत न्यावे लागते आणि चित्रात रवाळपणा येतो. त्याला घाबरू नये. हललेल्या फोटोपेक्षा रवाळ फोटो बरा.

शिवाय मेळघाट म्हणजे ताडोबा नव्हे. डोंगराळ, दाट जंगल आणि लाजरा वाघ. इथे कॅमेरा सार्थकी लागतो तो पक्ष्यांवर. शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. तो दिवसाही हिंडतो, त्यामुळे नशिबात असेल तर उजेडात भेटतो.

खर्चाचे गणित

सर्वांत साधे मॉडेलही एका लेन्ससह पन्नास हजारांच्या आगेमागे जाते. २०२५-२६ च्या हंगामातील ५,३२८ रुपये हमीभावाने हिशेब केला तर हे सुमारे साडेनऊ क्विंटल सोयाबीन झाले, तेही हमीभाव हाती पडला तर. वर लांब लेन्स, कार्ड, बॅग आणि दुसरी बॅटरी. बॅटरी चैन नाही: निकॉनच्या जुन्या ‘डी ३५००’ डीएसएलआरमध्ये एका चार्जिंगवर मानक चाचणीत १,५५० फोटो निघत, ‘झेड ३०’मध्ये ३३० निघतात. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीचा इथे लाभ नाही, कारण डिजिटल कॅमेरे जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत.

वर्षातून एकदा सफारी करणाऱ्याने कॅमेरा विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून दोन दिवसांसाठी भाड्याने आणावा. ज्याला रविवारी सकाळी छत्री तलावावर किंवा हिवाळ्यात कापशीच्या तलावावर जाऊन बसायची हौस आहे, त्याचे पैसे वसूल होतील. घरी जुन्या लेन्स असतील तर आधी त्या तपासा. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरने व्यवस्थित चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. लग्नसराईचे छायाचित्रकार मिररलेसकडे वळल्याने वापरलेले डीएसएलआरही स्वस्तात मिळतात; शिकण्यासाठी ते आजही पुरेसे आहेत.

धूळ, ऊन आणि बुरशी

आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. काळ्या मातीच्या रस्त्यावर, चालत्या जिप्सीत लेन्स बदलणे म्हणजे धुळीला आमंत्रण. लांब लेन्स गेटबाहेरच लावून घ्यावी. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा ठेवू नये. ‘आर ५०’ आणि ‘आर १००’ पावसापासून संरक्षित नाहीत. चिखलदऱ्याच्या धुक्यातून परतल्यावर बॅग तशीच कपाटात ढकलली तर लेन्सच्या काचेत बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर ते टळते. पुड्या मात्र दमट झाल्या की बदलाव्या लागतात.