पलटणीतला पाद्री कोणाचा?

भारतीय सैन्यात धर्मगुरू म्हणून भरती व्हायचे तर आठ मिनिटांत सोळाशे मीटर धावून दाखवावे लागते. पंडित असो, ग्रंथी असो, मौलवी असो की पाद्री, मैदानावर सूट कोणालाच नाही. पाद्रीसाठी आणखी एक अट असते. त्याला रीतसर दीक्षा मिळालेली असावी आणि स्थानिक बिशपांच्या मान्य यादीवर त्याचे नाव कायम असावे. वर्दी, नायब सुभेदाराचा हुद्दा आणि पगार सरकार देते. पण हा माणूस पाद्री आहे, असे म्हणण्याचा अधिकार सरकारने चर्चकडेच ठेवला आहे. नाव यादीवर चढवून पत्र दिले की चर्चचे काम संपते का?

हा प्रश्न नागपूरने विचारायला हवा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले ते याच शहरात, सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. ती वास्तूही मूळची एका लष्करी इंजिनिअरची, मद्रास इंजिनिअर्सच्या रिचर्ड सँकीची. शेजारच्या कामठीत १८२१ पासून छावणी आहे आणि आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे केंद्र आहे. इंग्रजी अमलात गोऱ्या पलटणींच्या चॅप्लेनचे, म्हणजे पाद्रीचे, सगळे सरकारी तिजोरीतून भागत असे. १९३० मध्ये इथले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले, पुढे स्वातंत्र्य आले आणि ती जुनी व्यवस्था गेली. ती गेली ते बरेच झाले. पण तिच्या जागी चर्चने स्वतःचे काय उभे केले?

पलटणीतल्या पाद्रीचे काम रविवारच्या उपासनेपुरते नसते. इस्पितळातल्या जखमी जवानाजवळ बसणे, अंत्यविधी, शिक्षा भोगणाऱ्या शिपायाची भेट, मागे राहिलेल्या कुटुंबांची विचारपूस, हे सगळे त्याच्याकडे असते आणि त्यात धर्म पाहायचा नसतो. पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री एकत्र शिकतात ते याचसाठी. जवानाच्या मनाला आधार लागतो हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. १९६२ च्या युद्धात तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन थेट सीमेवर गेले होते.

आता या पाद्रीच्या बाजूने पाहा. जवान रात्री त्याच्याकडे येतो, घरची भांडणे सांगतो, जमिनीची कोर्टकचेरी सांगतो, कधी जगणे नको झाल्याचे सांगतो. हे ऐकून घेणारा स्वतः नायब सुभेदार आहे, त्याच्या वर साहेबांची अख्खी उतरंड आहे. ऐकलेले वर सांगता येत नाही आणि पोटात ठेवून झोप लागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली. गावच्या मंडळीत त्याच्या जागी दुसरा पाळक आलेला. अशा वेळी त्याने फोन कोणाला करायचा? माझ्या मते तो त्याच्या बिशपांना करता आला पाहिजे, आणि तिकडून तो उचलला गेला पाहिजे. अमेरिकेत पंथाने मान्यता काढून घेतली तर चॅप्लेनला सैन्यात राहता येत नाही. म्हणून तिथल्या पंथांनी या कामासाठी खास माणूस नेमलेला असतो. तो चॅप्लेनला भेटायला जातो, त्याची खबर ठेवतो. आपल्याकडे हे करायला कोणी हरकत घेतलेली नाही.

वर्दीबाहेरही स्थिती फार वेगळी नाही. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डाबाहेर चटई टाकून तीन रात्री काढलेले नातेवाईक असतात. पाळकसाहेब दोन लग्ने आणि एक दफनविधी यांच्या मधल्या तासात मोटारसायकलवर येतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि निघतात. त्यांच्या तळमळीत काही कमी नाही. त्यांना वेळ नाही, आणि मरणाच्या दारातल्या माणसाजवळ कसे बसावे हे त्यांना कोणी नीट शिकवलेलेही नाही. ही शिकण्याचीच विद्या आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेनसाठी स्वतंत्र विभाग आहे. तुरुंगाचे काम तर याहून अवघड. तिथे दर आठवड्याला न चुकता जाणारा माणूस लागतो, नाताळला केक घेऊन जाणारा नव्हे.

करायचे ते मोठे नाही. नागपूर धर्मप्रांताने एक अनुभवी पाळक फक्त यासाठी मोकळा करावा. सैन्यात, इस्पितळात, तुरुंगात काम करणाऱ्या आपल्या प्रत्येकाला त्याने वर्षातून एकदा तरी जागेवर जाऊन भेटावे. धर्मप्रांताच्या सभेत त्यांना बसायला जागा आणि बोलायला वेळ द्यावा. दरवर्षी दोन पाळक वेल्लोरला शिकायला पाठवावेत. आणि सैन्यातून निवृत्त होऊन परतणाऱ्या पाद्रीला कोणती मंडळी द्यायची, हे तो परतण्याआधीच ठरलेले असावे. यंदाच्या २९ नोव्हेंबरची दानपेटी या कामासाठी ठेवली तरी सुरुवात होईल.