गड चढावा पायी, उतरावा वाहनाने

वाचकहो, दिवाळी सरली आणि पहाटेचा गारवा वाढू लागला, की आमच्या कुपवाडात सकाळी फिरायला निघणाऱ्या ज्येष्ठांच्या घोळक्यात एक विषय हमखास निघतो : यंदा कुठे जायचे? अशाच एका सकाळी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून निवृत्त झालेल्या, बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी मला थांबवले. म्हणाले, “डॉक्टर, एकदा परळी गावातून सज्जनगड पायी चढायचा आहे. शाळेत असताना वडिलांबरोबर चढलो होतो. पुन्हा एकदा जमले, की झाले.” त्याच दिवशी सायंकाळी त्यांच्या सूनबाई दवाखान्यात आल्या. “तुम्हीच सांगा बाबांना. रक्तदाब आहे, साखर आहे. काही झाले तर लोक आम्हालाच बोलतील.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. मी दोघांना एकच प्रश्न विचारला : चढणार हे ठीक, पण उतरणार कसे? त्याचा विचार दोघांपैकी कोणीच केला नव्हता.

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकवलेला नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना मी एका गडावर नेले. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट होते. चढताना मी दर टप्प्यावर त्यांची नाडी पाहिली, पाणी दिले, बसवले. माथ्यावर ते लहान मुलासारखे हरखले होते. माझी काळजी तेथेच संपली आणि चूकही तेथेच झाली. उतरताना तासाभराने त्यांच्या मांड्या थरथरू लागल्या, पाऊल निसटले आणि मनगटाचे हाड मोडले. हाड सहा आठवड्यांत जुळले. जिन्याची भीती मात्र त्यांना शेवटपर्यंत राहिली. पुढे ते वरच्या मजल्यावरील नातवंडांच्या खोलीतही जाईनासे झाले. त्या दिवशी हृदय आणि फुप्फुसे यांनी त्यांना साथ दिली होती. मी हिशेब चुकलो होतो तो पायांचा.

उतरण अवघड का?

चढताना दम लागतो, म्हणून आपल्याला चढण कठीण वाटते. पण दम लागणे ही शरीराने वेळेवर दिलेली सूचना असते. आपण थांबतो, श्वास बसतो, पुन्हा चालू लागतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून कोणी थांबत नाही. प्रत्येक पायरीला मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचा भार झेलत, ताणलेल्या अवस्थेतच लांब व्हावे लागते. गाडीचा ब्रेक सतत दाबून ठेवावा, तसेच हे काम. ते स्नायू दमले, की गुडघा ऐनवेळी दगा देतो.

कृत्रिम गुडघ्यात मापक बसवून केलेल्या मोजणीत असे दिसले आहे, की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, पायऱ्या चढताना सुमारे तिप्पट आणि उतरताना सुमारे साडेतीनपट भार येतो. हा फरक फार मोठा वाटणार नाही. परंतु तो दमलेल्या पायांवर, हजारो पावलांत आणि खाली पाहत तोल सांभाळताना येतो. त्यात डोळ्यांवर दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर खालच्या भागातून पायरीची कड धूसर दिसते. पायऱ्यांवरून पडण्याचे प्रसंग चढताना कमी आणि उतरताना अधिक घडतात, ते यामुळेच.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. ज्या डोंगरावर वरपर्यंत किंवा वरच्या टप्प्यापर्यंत गाडीरस्ता आहे, तोच निवडावा. जाणे पायी, येणे वाहनाने. यात कमीपणा काहीच नाही.

सज्जनगडच का?

सातारा शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर असलेला हा गड पूर्वी परळीचा किल्ला म्हणून ओळखला जाई. पायथ्याच्या सपाटीपासून तो सुमारे एक हजार फूट उंच उठलेला आहे. परळी गावातून वर जाणारी जुनी पायवाट पायऱ्यांची आणि चढणीची आहे. धडधाकट तरुणाला ती तास-दीड तासाची. दुसऱ्या अंगाने गाडीरस्ता गडाच्या वरच्या टप्प्यावरील वाहनतळापर्यंत जातो. माथ्यावर श्रीरामाचे मंदिर आणि समर्थांची समाधी आहे, दुपारी महाप्रसाद मिळतो, विसाव्याला जागा आहे. खालून पायी निघालेल्या ज्येष्ठाला वर छाया, पाणी, अन्न आणि परतीचे वाहन हे चारही मिळावे, अशी ठिकाणे फार नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या वयाला धीर देणारी आहे. समर्थ रामदास १६०८ साली जन्मले आणि १६७६ साली या गडावर वास्तव्यास आले. म्हणजे त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. १६८२ च्या आरंभी, माघ वद्य नवमीला, त्यांनी येथेच देह ठेवला. गड हे केवळ तरुणांचे स्थान नव्हे, एवढे त्यावरून आपण घ्यावे. मात्र दासनवमीच्या उत्सवात गर्दी मोठी असते. पायी चढण्यासाठी ते दिवस टाळावेत. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि चैत्र-वैशाखात ऊन भाजते. मार्गशीर्ष आणि पौष हे महिने उत्तम.

एक सावधगिरी येथेच सांगतो. वाहनतळापासून माथ्यापर्यंत पायऱ्याच आहेत. म्हणजे परतताना तेवढ्या पायऱ्या उतराव्या लागतातच. पाय त्यासाठी राखून ठेवावेत आणि तयारीही त्याची वेगळी करावी.

आधी तपासणी, मग आठ आठवडे

सर्वप्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. चालताना छातीत दडपण येणे, अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका, हृदयाची झडप अरुंद असणे, कारण नसताना आलेली भोवळ, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर त्यांनी स्पष्ट संमती दिल्याखेरीज चढू नये. समाधीचे दर्शन वाहनाने जाऊन घ्यावे. परतीच्या त्या पायऱ्यांविषयीही डॉक्टरांना विचारून ठेवावे.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. हात छातीशी दुमडून खुर्चीवरून पूर्ण उभे राहावे आणि पुन्हा बसावे. अर्ध्या मिनिटात सत्तरीतील पुरुषाला किमान बारा वेळा आणि स्त्रीला दहा वेळा हे जमावे. जमत नसेल, तर गड दूर नाही. फक्त तयारी अधिक दिवस करावी. घरातील कोणी तरी शेजारी उभे राहून मोजावे.

एक हजार फूट म्हणजे घराचे सुमारे शंभर मजले. ऐकून घाबरू नये. ते चार तासांत, बसत-उठत चढायचे आहेत. आठवड्यातून तीन दिवस जिना चढण्याचा सराव करावा. पहिल्या आठवड्यात पाच मजले पुरेत. दर आठवड्याला चार-पाच मजले वाढवत आठव्या आठवड्याअखेर एका सकाळी, मध्ये विश्रांती घेत, पस्तीस-चाळीस मजले चढता यावेत. ज्यांच्याकडे उद्वाहक म्हणजे लिफ्ट आहे, त्यांनी सुरुवातीला खाली लिफ्टने यावे. नसेल, तर एका मजल्याचाच जिना कठड्याला धरून, थांबत थांबत वापरावा. पाचव्या आठवड्यापासून मात्र दोन-तीन मजले सलग आणि सावकाश उतरण्याचाही सराव करावा. वाहनतळाकडच्या पायऱ्यांची तयारी ती हीच. उरलेल्या दिवशी अर्धा तास चालावे आणि भिंतीजवळ एका पायावर उभे राहून तोल साधावा. सहाव्या-सातव्या आठवड्यात मिरज तालुक्यातील आपल्या दंडोबाच्या डोंगरावर एक लहान चढण करून पाहावी. तेथे दमछाक किती होते, यावरून सज्जनगडाचा निर्णय घ्यावा.

औषधांचा हिशेब

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर श्रमाने साखर एकदम उतरू शकते. त्या दिवसाची मात्रा कमी करावी का, हे डॉक्टरांना आधी विचारावे; मनाने बदल करू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांची साखर उतरली, तरी धडधड आणि कापरे जाणवत नाहीत. घाम मात्र येतो. गार घाम फुटला, की थांबून साखर खावी. याच गोळ्यांनी नाडी मंद राहते, म्हणून श्रम किती झाले हे नाडीवरून ठरवू नये.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील, तर अंगातले पाणी लवकर घटते. उतारवयात तहानही उशिरा लागते. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे पाणी प्यावे. ज्यांच्या पाण्यावर डॉक्टरांनी मर्यादा घातली आहे, त्यांनी ती आधी विचारून घ्यावी. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल, तर ती पिशवीत नको, खिशात हवी. आणि ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो.

प्रत्यक्ष दिवस

कुपवाडहून पहाटे निघून त्याच दिवशी चढू नये. आदल्या दिवशी कराडमार्गे साताऱ्यास जाऊन मुक्काम करावा. सकाळी सातला परळीत पोहोचून, गावातील जुने महादेवमंदिर पाहून, पाय मोकळे करून निघावे. वीस मिनिटे चालावे, पाच मिनिटे बसावे. चालताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले, तर गती कमी करावी. हातात कोपराएवढ्या उंचीची काठी असावी. पायांत जुने, सवयीचे, तळाला पकड असलेले बूट असावेत; नवे बूट त्या दिवशी काढू नयेत. अकराच्या सुमारास माथा गाठावा. दर्शन, महाप्रसाद, मग दोन तास आडवे पडावे. उन्हे कलण्याआधी पायऱ्या सावकाश उतराव्यात : एका वेळी एकच पायरी, आधी दुखरा पाय खाली, हात कठड्याला.

छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणे, पाच मिनिटे बसूनही न थांबणारा दम, भोवळ, गार घाम यांपैकी काहीही झाले, तर चढण तेथेच संपली असे समजावे. रुग्णाला बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. “थोडेच उरले आहे” हे वाक्य अशा वेळी कोणी उच्चारू नये.

घरच्या मंडळींसाठी

आपण सोबत जाल, तेव्हा पुढे चालू नये. चढताना एक पाऊल मागे आणि उतरताना एक पायरी खाली राहावे. दुसऱ्याने गाडी घेऊन वाहनतळावर थांबावे. अर्ध्यावरून परतायचे झाले तर ते कोण ठरवणार, हे आदल्या रात्रीच बोलून घ्यावे. आमच्या त्या सूनबाईंनी ही अट घातली आणि सासऱ्यांनी ती मान्य केली : “तू म्हणालीस थांबा, की मी थांबेन.” त्या एका वाक्याने घरातला अर्धा वाद मिटला.

हे लिहीत असताना त्यांच्या तयारीचा पाचवा आठवडा चालू आहे. सकाळी सूनबाई जिन्याखाली वही घेऊन बसतात आणि मजले मोजतात. परवा त्यांनी स्वतःही दहा मजले चढून पाहिले. पौषात दोघे जाणार आहेत. माथा गाठला तर आनंदच आहे. न गाठला, तरी खुर्चीवरून बारा वेळा उठणारे पाय घरात राहतील आणि जिन्याची भीती वाटणार नाही. ज्येष्ठ वाचकहो, आपणही आज खुर्चीपासूनच आरंभ करावा.