नवी गाडी, जुनं दुखणं

नवी गाडी शोरूममधून काढताना आपण काय काय करतो? हार, नारळ, पेढे आणि चाकाखाली लिंबू! गंमत बघा, ज्या नव्याकोऱ्या गाडीचं दुखणं कितीही दुरुस्त्या करून जात नाही, तिला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. तिथल्या कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये चक्क ‘लेमन लॉ’ केला. ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही तोच बिघाड परत आला, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. बाकीच्या राज्यांनीही मग असेच कायदे केले. आपल्याकडे लिंबू फक्त चाकाखाली आहे, कायद्यात नाही.

म्हणजे आपण हात चोळत बसायचं? मुळीच नाही. पण आपला रस्ता थोडा लांबचा आहे आणि तो माहीत असलेला बरा.

हा विषय डोक्यात आला तो एका मित्रामुळे. मूळचा दारव्ह्याचा, नोकरी हिंजवडीत. गाडी बाबांच्या नावावर, हप्ते याच्या पगारातून. खरेदी नागपूरच्या शोरूममधून, कारण मॉडेल तिथेच लगेच मिळत होतं. आठ महिन्यांत क्लचचं काम चार वेळा झालं. एकदा तर यवतमाळच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि टोचन लावून न्यावी लागली. प्रत्येक वेळी सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच, “काका, तुम्ही हाफ क्लचवर चालवता.” ज्या माणसाने तीस वर्षं जीप चालवली, त्याला हे ऐकवायचं! मुलगा म्हणाला केस करू. तर बाबा म्हणे, “जाऊ दे ना बाप्पा, कोर्टाची पायरी कायले चढायची?”

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला बाळकडूत पाजलेलं असतं. पण ग्राहक आयोगाची पायरी तेवढी उंच नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातला सगळ्यात कामाचा बदल हा की, आता तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शोरूम नागपूरला आणि कंपनीचं ऑफिस चेन्नईला असेना का! बाबांना यवतमाळच्या जिल्हा आयोगात जाता येतं. गाडी मुलाच्या नावावर असती, तर त्याला पुण्यात तक्रार करता आली असती.

खर्चाचं टेन्शन? मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर केस जिल्हा आयोगाकडे. फी ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १००० रुपये. म्हणजे वीकेंडच्या एका पिझ्झापेक्षा स्वस्त. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने व्हावी असा अर्जही करता येतो. सुट्टी टाकताना बॉसचं तोंड बघावं लागणाऱ्यांसाठी हे वरदानच.

आता लाखमोलाचा प्रश्न. नवी गाडी मिळेल का? इथे जरा जमिनीवर या. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मारुतीच्या एका केसमध्ये सांगितलं की, वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल आणि तो भाग बदलून काम भागत असेल, तर सरळ अख्खी गाडी बदलून द्या असं म्हणता येत नाही. २०१० मध्ये फियाटच्या केसमध्ये कोर्टाने गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला सांगितलं. मूळ निर्मितीदोष निघाला तर पैसे परत. २०२२ मध्ये मात्र ह्युंदाईच्या क्रेटाचा निकाल आला. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. कोर्टाने नुकसानभरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. टक्कर किती वेगाने आणि किती जोराने झाली, याचं फिजिक्स ग्राहकाने मांडायचं नसतं, हा त्या निकालाचा फंडा.

तिन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. “गाडी खराब आहे” म्हणून भागत नाही. दोष मुळातला आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे दाखवावं लागतं. तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो. तसा अर्ज आपणच सुरुवातीला करावा.

आणि पुरावा म्हणजे काय? जॉब कार्ड! ही चूक सगळे करतात. क्लच जातोय असं आपण सांगतो, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर लिहितो ‘जनरल चेकअप’, आणि आपण मोबाइल बघत सही ठोकतो. पुढे कागदावर चार बिघाडांऐवजी चार चेकअप दिसतात. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटर बघा, कॉपी मागा. “नॉर्मल आहे” असं तोंडी सांगितलं, तर त्याच संध्याकाळी मेल टाका.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये गाडी घेतली आणि त्याला मिळाली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली! केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. २०२१ मध्ये कोर्टाने टाटा मोटर्सला मोकळं केलं, जबाबदारी राहिली डीलरची. कारण डीलरच्या कारभाराची कंपनीला माहिती होती, असं सिद्ध झालं नव्हतं. निर्मितीदोष असेल तर गोष्ट उलटी, तिथे मुख्य जबाबदार कंपनी. आधीच कोणाला वगळू नका.

गाडी भाड्याने लावण्याचा मोठा धंदा असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानत नाही. पण पोटासाठी स्वतःची एकुलती एक काळीपिवळी चालवणारा माणूस ग्राहकच असतो. तुमच्या गावाकडच्या काकांना हे नक्की सांगा.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. तपासणी लागणारी केस पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा सांगतो, पण प्रत्यक्षात तारखांचा खेळ बराच लांबतो. त्यात विरुद्ध बाजू अपिलात गेली की राज्य आयोग. विदर्भवाल्यांना त्यासाठी नागपूरचं खंडपीठ आहे, हाच काय तो दिलासा. म्हणून आधी कंपनीला लेखी नोटीस द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच भांडणं इथेच मिटू शकतात.

मित्राने सध्या एवढंच केलंय. चारही जॉब कार्डांच्या कॉपी मागवल्या, तर दोनांवर ‘क्लच’ हा शब्दच नाही. बाकी दोनांवर आहे. त्यांच्या जोरावर बाबांच्या सहीने कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस गेली, पंधरा दिवसांची मुदत देऊन. उत्तर आलं नाही तर यवतमाळ. बाबा अजून कुरकुरतायत, पण सही करताना म्हणाले म्हणे, “हाफ क्लचचं पण लिहिजो त्याच्यात.”