चांगलं आयुष्य : आऊट ऑफ सिलॅबस?

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर कुणालाही विचारा, "काय रे, कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं. "चाललंय... एकदा हे सेमिस्टर संपू दे." सेमिस्टर संपलं की "एकदा प्लेसमेंट होऊ दे." दहावीत आपल्याला सांगितलं, एवढं वर्ष काढ, मग आरामच आहे. बारावीत तेच, सीईटीला तेच. आपलं आयुष्य सुरू व्हायची तारीख काही लागत नाही!

चांगलं आयुष्य म्हटलं की डोळ्यांसमोर येतं पॅकेज, पुण्यात टू बीएचके, दारात गाडी आणि जमलंच तर अमेरिका. यात वाईट काही नाही. ज्याच्या वडिलांनी कर्ज काढून फी भरली आहे, त्याला "पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे" असं ऐकवून हप्ता फिटत नाही. पैसा लागतोच. प्रश्न एवढाच, की बाकीचं सगळं तोपर्यंत थांबवून ठेवायचं का?

आपण पडलो इंजिनिअर, म्हणजे डेटा मागणारच. तर डेटा आहे. १९३८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक अभ्यास सुरू झाला. त्यात कॉलेजमधली २६८ मुलं घेतली, बहुतेक दुसऱ्या वर्षाची, म्हणजे आपल्या एसईच्या पोरांच्या वयाची. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी त्यांच्यातलेच एक. नंतर या अभ्यासाला बोस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा अभ्यास जोडला गेला. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी गरम-गार पाण्याचे नळही नव्हते. या सगळ्यांना वर्षानुवर्षं प्रश्न विचारले, तब्येती तपासल्या, नोकऱ्या, लग्नं, घटस्फोट, आजारपणं सगळं नोंदवलं. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, पुढे त्यांची मुलंही अभ्यासात आली. २०२३ साली त्यावर 'द गुड लाइफ' नावाचं पुस्तक निघालं.

निष्कर्ष काय? म्हातारपणी कोण धडधाकट आणि समाधानी राहील, याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांवरून जास्त चांगला येत होता. ज्यांना जिवाभावाची माणसं होती, ते टिकले.

आता कुणी म्हणेल, "सुरुवातीची ही सगळी पुरुष मंडळी, तीही अमेरिकेतली. आणि मित्रांमुळे तब्येत चांगली राहते, की चांगल्या तब्येतीच्या माणसाला मित्र टिकवता येतात?" शंका रास्त आहे. नुसत्या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही, हे आपण स्टॅटिस्टिक्समध्ये शिकलोच आहोत. पण एकटेपणा शरीराला बाधतो, हे इतर अनेक अभ्यासांतही दिसलंय. त्यामुळे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नक्कीच नाही.

आणि गंमत बघा, ज्या गोष्टीला आपण 'टाइमपास' म्हणतो, तिच्यातच खरी कमाई आहे. तापाने फणफणलेल्या रूम पार्टनरसाठी मेसमधून डबा आणणं, व्हायव्याच्या आदल्या रात्री दोन वाजता कुणाला तरी सर्किट समजावून सांगणं, घरची आठवण येणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोराला चहाला नेणं. याचे मार्क्स नाहीत, रेझ्युमेत याला जागा नाही. पण माणसं जोडायची सवय लागते ती इथेच. पंचविशीपर्यंत लागली नाही, तर ऑफर लेटरबरोबर ती कंपनी देणार नाही.

पण आज चित्र काय? एका खोलीत चौघं आणि चौघांच्या कानात इअरफोन. एखाद्याचे चार विषय राहतात, तो मेसला यायचा बंद होतो, दार लावून घेतो, आणि आपण म्हणतो, "त्याला डिस्टर्ब नको करायला." चुकतं ते इथेच! अशा वेळी डिस्टर्ब करायलाच हवं.

सर आणि मॅडमनाही एक विनंती. डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव दिसलं की पालकांना पत्र जातं, जायलाच हवं. पण त्याआधी एकदा त्या मुलाला केबिनमध्ये बसवून "जेवतोस का नीट?" एवढं विचारा. हा प्रश्न कुठल्याच युनिटमध्ये नाही, पण विचारणारा माणूस मात्र जन्मभर लक्षात राहतो.

तेव्हा दोस्तांनो, ॲप्टिट्यूडची तयारी करा, पॅकेजही घसघशीत घ्या. फक्त आज रात्री जेवायला जाताना शेजारच्या बंद दारावर एक थाप मारा. "चल रे, जेवायला" एवढंच म्हणायचंय.