परदेशातील विद्यार्थी आणि पंचाचे काम

परदेशी विद्यार्जनास जाणाऱ्या मुलाने खर्चास हातभार म्हणून कोणते काम पत्करावे, हा प्रश्न हल्ली जोगेश्वरीतील अनेक घरांतून निघतो. उपाहारगृहात बशा विसळण्यात कमीपणा नाही. प्रामाणिक श्रमाची लाज कशास? तथापि ज्यास क्रिकेटचे नियम अवगत आहेत, त्याने पंचाच्या कामाचाही विचार करावा, असे आमचे मत आहे.

ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून विद्यार्थ्यास सत्र चालू असता पंधरवड्यात फार तर ४८ तास मोबदल्याचे काम करता येते. क्लबांचे सामने बहुधा शनिवारी होत असल्याने वर्ग बुडत नाहीत व सामन्यागणिक मानधन मिळते. हंगाम मात्र उन्हाळ्यापुरताच, आणि पावसाने सामना बुडू शकतो. म्हणून फीची भिस्त ह्यावर ठेवू नये.

खरा लाभ निराळाच आहे. इतर कामांत परकेपणा आड येतो; पंचास तोच उपकारक ठरतो. १९८६ साली लाहोरच्या कसोटीत पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यामध्ये आपले पिलू रिपोर्टर व व्ही. के. रामस्वामी पंच म्हणून उभे राहिले, ते दोहोंपैकी कोणाचेच नव्हते म्हणूनच.

विद्यार्थिमित्रहो, ही पात्रता विमानात बसल्याने येत नाही. क्रिकेटचे ४२ नियम येथेच अभ्यासा. शाळेच्या मैदानावर जिवलग मित्रास बाद देताना ज्याचे बोट कचरत नाही, त्याच्यावर परकी माणसेही विश्वास टाकतील. पालकांनीही मुलास केवळ धावा विचारू नयेत; निवाडा कसा दिला, हेही विचारावे.